खारीने कोणते पाप केले?



मागील पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशी सकाळी आमच्या अंगणातील चिंचेखाली मुलांचा गलका ऐकू आला. बाहेर येऊन पाहतो तो एक खार जमिनीवर पडलेली. तिची मान डावीकडे पिळल्यासारखी वळली होती. उठावे, चार पावले टाकावी आणि पुन्हा त्याच अंगास गोल फिरत कलंडावे, असा तिचा क्रम चालला होता. झाडाचे खोड हातभर अंतरावर. पण जी खार एरवी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी शेंड्यास जाते, तीस तो हातभर प्रवासही साधेना. एका मुलाने दगड उचलला होता. दुसरा म्हणत होता की ही पिसाळली आहे, चावेल. तिसरा नुसता हसत होता. इतक्यात आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई पाण्याची घागर घेऊन जात असता थांबल्या, क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, माणसाला दुखणे आले म्हणजे लोक म्हणतात, पापाचे फळ. ह्या मुक्या जिवाने कोणते पाप केले?"

आम्ही मुलांस घरी पाठविले, खारीवर एक टोपली पालथी घातली आणि त्या बाईंस काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आता आम्हांस आठवत नाही, ह्यावरूनच त्याची किंमत कळावी. प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. तो लहान प्राण्याविषयीचा असला तरी लहान प्रश्न नव्हे. जे उत्तर आपण खारीविषयी देऊ, तेच उत्तर पुढे आपण आपल्या शेजाऱ्याविषयी, त्याच्या लंगड्या मुलाविषयी आणि फेफरे येणाऱ्या सुनेविषयी देत असतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटले.

प्रथम तोल म्हणजे काय, हे पाहू. मनुष्याच्या काय किंवा खारीच्या काय, प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या हाडात दडलेल्या, अर्धवर्तुळाकार अशा तीन बारीक नळ्या असतात. त्या एकमेकींशी काटकोनात बसविलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. मस्तक वळले की तो द्रव किंचित मागे रेंगाळतो, त्याच्या दाबाने आतील सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूस वर्दी जाते. ह्या नळ्यांशेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांतील चुन्याचे बारीक कण वर कोणते आणि खाली कोणते हे सांगतात. उजव्या कानाची वर्दी आणि डाव्या कानाची वर्दी मेंदूचा देठ व लहान मेंदू हे ताडून पाहतात, जसे पंच दोन साक्षीदारांची साक्ष ताडून पाहतात. एक साक्षीदार मुका झाला किंवा खोटे बोलू लागला, की मेंदूची फसगत होते. देह स्थिर असता तो फिरत आहे असे त्यास वाटते. मग मान कलते, डोळे फिरतात, पाय एका अंगास ओढतात. खार वेडी झालेली नसते. ती आपल्यापरी तोल सावरण्याचीच धडपड करीत असते, पण तीस खोटी बातमी मिळत असते.

हे ज्ञान मनुष्यास कसे मिळाले, हेही जाणण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसांत फ्रान्स देशातील प्येर फ्लुरान्स ह्या विद्वानाने कबुतरांच्या कानांतील त्या नळ्या छेदून पाहिल्या, तेव्हा ती पाखरे गरगर फिरू लागली. पुढे व्हिएन्ना शहरातील रोबेर्ट बारानी ह्या वैद्याच्या ध्यानात आले की कानात थंड अथवा ऊन पाणी घातले असता रोग्यास घेरी येते. त्यावरून त्याने ह्या इंद्रियाची परीक्षा करण्याची रीत बसविली. त्याबद्दल त्यास १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु ती बातमी त्यास कळली तेव्हा तो महायुद्धात रशियाच्या हाती सापडलेला एक कैदी होता. म्हणजे आज ज्या ज्ञानाने घेरीच्या रोग्याची परीक्षा होते, त्याच्या मुळाशी काही कबुतरांचा गेलेला तोल आहे. ही गोष्ट विसरून आपण मुक्या जिवांच्या पीडेविषयी बोलू नये.

आता खारीचा तोल जाण्याची कारणे अनेक आहेत. झाडावरून पडून मस्तकास मार बसतो. कानाच्या आत पू होतो. उंदरांसाठी ठेवलेले विष पोटात जाते. परंतु आम्हांस ज्या एका कारणाने सर्वांत अधिक विचारात पाडिले, ते उत्तर अमेरिकेतील आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

त्या खंडाच्या पूर्व भागातील अरण्यांत व शहरांच्या बागांत करडी खार राहते. ती आपल्या पट्टेरी खारीहून पुष्कळ मोठी, वजनाने सुमारे अर्धा किलो, आणि झुबकेदार शेपटीची असते. शरद ऋतूत ती ओकवृक्षाची फळे जमिनीत ठिकठिकाणी पुरून ठेविते. त्यांतली काही खावयाची राहून जातात आणि त्यांचे वृक्ष होतात. त्याच प्रदेशात रॅकून नावाचा, मांजराहून मोठा, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि शेपटीवर वलये असलेला एक निशाचर प्राणी आहे. त्याच्या आतड्यांत एक लांब पांढरा जंत राहतो. त्याचे वर्णन पोलंड देशातील दोन शास्त्रज्ञांनी १९५१ साली प्रथम केले; त्यास आता बेलिसास्कॅरिस प्रोसायोनिस असे म्हणतात. इंडियाना संस्थानातील पर्ड्यू विद्यापीठाचे केविन काझाकोस ह्यांनी अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला आहे. रॅकूनला ह्या जंतापासून बहुधा फारसा त्रास होत नाही. परंतु जंताची एक मादी दिवसास एक लाखाहून अधिक अंडी घालते, आणि ती विष्ठेवाटे बाहेर पडतात.

रॅकून एका ठराविक जागी, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी, पडलेल्या ओंडक्यावर किंवा सपाट दगडावर, पुन्हा पुन्हा मलविसर्जन करितो. त्या मळात न पचलेले बी असते. भुकेली खार ते बी वेचावयास येते, आणि बियांबरोबर अंडी तिच्या पोटात जातात. दोन ते चार आठवड्यांत बाधा करण्यास समर्थ झालेली ही अंडी ओल्या मातीत कित्येक वर्षे टिकतात. खारीच्या पोटात अंडे फुटून अळी निघते. पण ती आतड्यांत थांबत नाही. ती रक्तावाटे यकृतात, फुप्फुसांत आणि तेथून सर्व देहात हिंडू लागते. बहुतेक अळ्या मांसात अडकून पडतात. थोड्या मेंदूत जातात. लहान प्राण्याच्या मेंदूत अशी एक-दोन अळ्यांची भटकंतीही प्राण घेण्यास पुरते. मग ती खार मान वाकडी करिते, चक्राकार फिरते, फांदीवरून पडते, आणि तिची भीतीची जाणीवही जाते. आणि अशा रीतीने जी पळू शकत नाही व भिऊ शकत नाही, तीस रॅकून खातो. तिच्या मांसातील अळ्या त्याच्या आतड्यांत मोठ्या होऊन जंत बनतात, आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. शंभराहून अधिक जातींच्या पशुपक्ष्यांत हा रोग आढळला आहे.

वाचकहो, ह्या चक्राकडे नीट पाहा. खारीचा तोल जाणे हा येथे केवळ अपघात नव्हे. तिचे पडणे हेच जंताच्या उपयोगाचे आहे. आणि ती तेथे कशास गेली होती? चार दाणे वेचावयास. कोणताही न्यायाधीश हा अपराध म्हणणार नाही.

ह्या प्रश्नाची तीन उत्तरे लोक देतात. ती तिन्ही तपासून पाहिली पाहिजेत.

पहिले उत्तर असे की, दुःख हे पापाचे फळ होय. ह्या जन्मीचे नसेल तर मागील जन्मीचे. हे उत्तर आपल्या खेड्यांत हवेसारखे पसरलेले आहे, आणि आपण मंडळीत आलो म्हणून ते आपल्या मनातून गेले आहे असे कोणी समजू नये. आम्ही प्रार्थनेस बसलेल्या माणसांच्या तोंडूनही ते ऐकिले आहे; त्यांनी फक्त शब्द बदललेले असतात. परंतु ज्या उत्तराने कोणताही दुःखी निर्दोष ठरू शकत नाही, ते उत्तर नसून आरोप आहे. आणि आरोपीस आपली बाजू मांडावयास वाचा नसली म्हणजे तो आरोप फार सोपा होतो. शिष्यांनी जन्मांध मनुष्यास पाहून हाच प्रश्न प्रभूस विचारिला होता, आणि प्रभूने त्याचे पाप व त्याच्या आईबापांचे पाप हे दोन्ही पर्याय नाकारिले. शिलोहाच्या बुरुजाखाली सापडून मेलेल्यांविषयीही त्याने तेच केले. मग ज्या बोलण्यास त्याने माणसाच्या बाबतीत थारा दिला नाही, त्यास आपण खारीच्या बाबतीत का द्यावा?

दुसरे उत्तर ह्याच्या उलट. हे लोक म्हणतात, सृष्टीचा नियमच तो. जंताने जगावयाचे, खारीने मरावयाचे. ह्यात चांगलेवाईट काय पाहता? ह्या उत्तरात अर्धे सत्य आहे. जंतास दुष्ट म्हणणे व्यर्थ आहे. तो कोणाचा द्वेष करीत नाही. परंतु कोणी दोषी नाही एवढ्याने पीडा नाहीशी होत नाही. वीज पडून घर जळाले म्हणून घरमालकाचे नुकसान कमी होत नाही. शिवाय हे म्हणणारा मनुष्य स्वतःच्या दाढेच्या दुखण्याविषयी तसे कधी बोलत नाही. जो नियम आपण फक्त दुसऱ्याच्या दुःखास लावितो, त्यास तत्त्वज्ञान म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तिसरे उत्तर आपल्यासारख्या भाविकांचे आवडते आहे, आणि म्हणून त्याविषयी अधिक सावध असले पाहिजे. ते असे की, प्रत्येक पीडेत काही ना काही चांगला हेतू असतो. आपणांस दिसत नाही एवढेच. आम्ही हे खोटे म्हणत नाही. परंतु ते किती लवकर बोलले जाते हे पाहावे. १८६० साली चार्ल्स डार्विन ह्यांनी अमेरिकेतील आपले मित्र, हार्वर्ड विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे ह्यांस एक पत्र लिहिले. काही गांधीलमाशीसारख्या कीटकांची पिल्ले जिवंत सुरवंटास आतून खात वाढतात. दयाळू परमेश्वराने हे मुद्दाम योजिले असेल असे मानणे आपणांस जड जाते, असा त्या पत्राचा आशय होता. ग्रे हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. त्यांनी डार्विन ह्यांच्या मताचे समर्थनही केले आणि आपली श्रद्धाही सोडिली नाही. परंतु त्यामुळे सुरवंटाचा प्रश्न सुटला असे नव्हे. पुढे १९७९ साली विल्यम रो नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने असेच दुसरे उदाहरण मांडिले: दूर अरण्यात वणव्यात होरपळलेले एक हरिणशावक, जे कित्येक दिवस तडफडून मरते आणि ज्यास कोणी पाहत नाही. त्या पीडेने कोणास धडा मिळतो? कोणाचे चारित्र्य घडते? ज्या खारीस कोणीही न पाहता रॅकूनने खाल्ले, तिच्याविषयीही हेच विचारावे लागते.

ह्यावर आमच्याजवळ असे उत्तर नाही की जे ऐकून त्या वृद्ध बाईंनी समाधानाने घागर उचलावी. पण एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ईयोबाच्या मित्रांजवळ सर्व उत्तरे होती, आणि शेवटी दोष त्यांच्याच पदरी आला. ईयोबास परमेश्वराने उत्तर दिले ते कारणांचे नव्हे. त्याने त्यास रानातले पशुपक्षी दाखविले. डोंगरावरील रानशेळी, कावळ्याची पिल्ले, शहामृग, असे प्राणी की जे माणसाच्या कामाचे नाहीत आणि ज्यांचा धनी माणूस नाही. तद्वतच, प्रभूने चिमणीविषयी जे सांगितले त्यात चिमणी पडत नाही असे कोठेही म्हटलेले नाही. ती पडते. तिचे पडणे दुर्लक्षिलेले नाही, एवढेच तेथे आश्वासन आहे. मग ज्याकडे पित्याचे लक्ष आहे, त्याकडे आपण पाठ फिरवावी काय? कारण कळो वा न कळो, येथून पुढे प्रश्नाचे तोंड आपल्याकडे वळते.

तर मग तोल गेलेल्या जिवाविषयी आपले कर्तव्य कोणते? येथे आम्हांस तीन दोष दिसतात, आणि ते तिन्ही दयेचे नाव घेऊन येतात.

पहिला दोष घाईचा. वाकडी मान व गरगर फिरणे पाहून आपणांस कसेसेच होते, आणि आपण म्हणतो, "बिचारीला सोडवा एकदाचे." परंतु आपण कोणाची पीडा संपवीत आहोत, तिची की आपल्या डोळ्यांची? प्रत्येक वाकड्या मानेची खार मरावयास टेकलेली नसते. कानाचा विकार अथवा मस्तकाचा मार असेल, तर काही आठवड्यांत मेंदू एका खोट्या साक्षीदारास ओळखून दुसऱ्यावर विसंबावयास शिकतो, आणि मान थोडी कललेली राहिली तरी प्राणी खाऊपिऊ व चढू लागतो. तसेच, "पिसाळली" म्हणून दगड मारणाऱ्यांनी हे जाणावे की खार, उंदीर अशा लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत पिसाळरोग जवळजवळ कधीच आढळत नाही. अज्ञानाने उचललेला दगड भयाचा असतो; त्यास दयेचा म्हणू नये.

दुसरा दोष टाळण्याचा. जेव्हा मेंदूच पोखरला गेला आहे, प्राणी खात नाही, पीत नाही, लोळत राहतो आणि सुधारण्याचे चिन्ह नाही, तेव्हा "जीव देणारा तोच, घेणारा तोच" असे म्हणून घरात निघून जाणे ही कित्येकदा भक्ती नसते. कठीण काम अंगावर येऊ नये म्हणून घेतलेली ती आड असते. मेंदूची झालेली हानी जंतावरील औषधाने भरून येत नाही. अशा वेळी जाणत्या पशुवैद्याकडून त्या जिवास वेदनेवाचून निरोप देणे, हे आम्हांस पाप वाटत नाही. आपण आपल्या बैलाचा पाय मोडला असता काय करावे ह्याचा विचार करितो. रानातल्या जिवाचा कोणी धनी नाही म्हणून त्याचा विचार कमी व्हावा असे नाही.

तिसरा दोष मालकीचा. कोणी म्हणेल, आम्ही ती घरी आणू, पिंजऱ्यात ठेवू, मुलांस खेळावयास होईल. रानचा जीव सांभाळणे ही विद्या आहे, खेळ नव्हे, आणि त्यास कायद्याचीही बंधने आहेत. जर्मनी देशाच्या साक्सनी-आनहाल्ट प्रांतात मध्य अमेरिकेतील रंगीबेरंगी खारी बाळगणारे तीन वयस्क गृहस्थ २०११ ते २०१३ ह्या काळात मेंदूच्या दाहाने दगावले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधावरून कळले की एक विषाणू त्या खारींपासून त्यांस लागला होता. आणि खार मात्र बाहेरून निरोगी दिसत होती. म्हणून उघड्या हाताने कोणत्याही रानटी प्राण्यास धरू नये. चावा अगर ओरखडा लागल्यास साबण व वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवून वैद्याकडे जावे. ज्ञानावाचून प्रेम हे पुष्कळदा दोघांचाही घात करिते.

आणि एक चौथी गोष्ट ध्यानात धरावी. सर्वच पीडा सृष्टिनियमाच्या माथी मारता येत नाहीत. अमेरिकेत ब्रोमेथॅलिन नावाचे उंदरांचे विष वापरतात. त्याने मेंदूस सूज येऊन प्राणी कापतो, मागचे पाय लुळे पडतात, आणि त्यावर उतारा नाही. आपल्याकडे शेतांत झिंक फॉस्फाइड मिसळलेले दाणे टाकतात. दाणा उंदरासाठी आहे, खारीसाठी नाही, हे खारीस कोण सांगणार? उंदरांपासून पीक राखणे शेतकऱ्यास भागच आहे. परंतु विष उघड्यावर न विखुरता बिळात घालणे व उरलेले पुरून टाकणे, एवढे तर आपल्या हाती आहे. जेथे कारण आपणच असतो, तेथे परमेश्वरास प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस थोडा उशिराच पोहोचतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्ही केले, ती सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील मंडळीत सेवा करीत असता तेथे एक मजूर होता. तो चालताना झोके खाई, बोलणे जड येई, आणि हातातील पेला ओठांपर्यंत नेताना अर्धे पाणी सांडी. सर्वांनी एकच निदान केले: हा पितो. त्याची बायको शपथेवर सांगे की त्याच्या तोंडास दारूचा थेंब लागत नाही. पण बायका नवऱ्यास झाकतातच, असे आम्ही म्हणालो. पंचांची सभा भरली, आणि त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविले. त्या ठरावावर आमची सही होती. दोन वर्षे तो मागच्या भिंतीशी, दाराजवळ बसत असे, आणि भाकर पुढे गेली म्हणजे खाली पाहत असे. पुढे एका शहरातील वैद्याने त्यास तपासून सांगितले की ह्याचा लहान मेंदू झिजत चालला आहे. हा रोग आहे, व्यसन नव्हे. आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो मनुष्य म्हणाला, "साहेब, माझे पाय वाकडे पडतात हे मला ठाऊक होते. पण तुम्ही सगळे सांगत होता म्हणून मलाही वाटू लागले होते, मी काहीतरी केले असेल."

वाचकहो, ह्याहून मोठी शिक्षा आम्हांस कोणी दिलेली नाही. रोगाने त्याचा देह कलला होता. आम्ही त्याचा न्याय कलविला. खारीचा एक कान खोटी साक्ष देतो, आणि ती पडते. मंडळी खोटी साक्ष देते, तेव्हा माणूस पडतो.

जो जंत खारीच्या मेंदूत शिरतो तसाच दुसरा आपल्याही मेंदूत शिरू शकतो, हे किती जणांस ठाऊक आहे? डुकराच्या पट्टकृमीची अंडी मनुष्याच्या विष्ठेतून माती, पाणी, भाजीपाला व अस्वच्छ हात ह्यांवाटे पोटात गेली, तर तिची पिल्ले मेंदूत गाठी करून बसतात, आणि त्यामुळे फेफरे येते. आपल्या देशात व इतर अनेक देशांत फेफऱ्याचे हे एक मोठे कारण आहे. आणि जो कधी मांस खात नाही त्यासही हे होऊ शकते. अशा रोग्याच्या नाकास आम्ही कांदा किंवा चप्पल लावितो, अंगात आले म्हणतो, मुलगी असेल तर तिचे लग्न लपून उरकतो. वास्तविक शौचकूप, साबण, धुतलेली भाजी आणि वेळेवर वैद्याची गाठ, ह्यांची तेथे गरज असते. फेफरे आलेल्यास कुशीवर निजवावे, मस्तकाखाली मऊ वस्त्र द्यावे, तोंडात काही कोंबू नये आणि शेजारी बसून राहावे. एवढे करावयास कोणत्याही पदवीची गरज नाही.

तर त्या वृद्ध बाईंस आज आम्ही असे उत्तर देऊ: बाई, खारीने कोणतेही पाप केले नाही. तुमच्या शेजारणीच्या मुलानेही केले नाही. कोणाचे पाप, हा प्रश्न आपणांस सोयीचा वाटतो, कारण तो विचारला की आपले काम संपते. परंतु आता कोणाचे काम, हा प्रश्न विचारला की आपले काम सुरू होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपणांस मिळणार नाही. दुसऱ्याचे उत्तर बहुधा दारातच उभे असते.

आमच्या अंगणातील ती खार दुसऱ्या रात्री मेली. तिचा रोग कानाचा होता की विषाचा, हे आम्ही पाहिले नाही. जाणत्या मनुष्यास दाखविले असते तर कदाचित कळते. टोपली घातली ती मांजर व मुले ह्यांपासून तीस राखावे म्हणून, असे आम्ही त्या दिवशी स्वतःस सांगितले होते. ते खोटे नव्हते. पण टोपलीखाली गेल्यावर ती दिसेनाशी झाली, आणि आम्हांस जरा बरे वाटले, हेही खोटे नव्हते. त्या दोन दिवसांत आम्ही ती टोपली एकदाच उचलून पाहिली.

आपल्या गावात, आपल्या मंडळीत, अशा किती टोपल्या पालथ्या पडल्या आहेत, ह्याचा प्रत्येकाने आपल्यापुरता विचार करावा. आणि निदान एक तरी ह्या आठवड्यात उचलून पाहावी, अशी आमची नम्र विनंती आहे.